नळी आत, बाई बाहेर

प्रमिलाबाई पाठीवर मशीन बांधून सुरतेतल्या उधन्याच्या गल्लीतून पहिल्यांदा निघाली, तेव्हा कापडाच्या लूमवर जाणारी माणसं सायकलवरून उतरून बघत राहिली. बघण्यासारखंच होतं ते. हंड्याएवढा पत्र्याचा डबा, त्याला खांद्यांवरून आणि छातीवरून येणारे चामड्याचे पट्टे, आणि कमरेशी लोंबणारी जाड, वळ्यावळ्यांची नळी. माणूस चंद्रावर उतरल्याला काही वर्षं झाली होती, पण त्याचा फोटो गल्लीतल्या न्हाव्याच्या भिंतीवर अजून होता आणि पोरांनी तो पाहिलेला होता. "चांदवाळी बाई! चांदवाळी बाई!" करत ती नाक्यापर्यंत मागे आली. प्रमिलाबाईने वळूनसुद्धा बघितलं नाही. पोरं काय, ओरडून दमली की घरी जातात. घरातल्या मोठ्या माणसाचं तोंड बंद करणं अवघड असतं, आणि ते काम ती सकाळीच उरकून आली होती.

ते मोठं माणूस म्हणजे तिचा नवरा हिलाल. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल, केसांत लूमवरचा कापूस. दारात ते मशीन बघून त्याने चहाची बशी खालीच ठेवली.

"डोकं फिरनं का तुन्हं? बाई माणूस पाठवर मोटर बांधी गावभर हिंडस का? लोके हासतीन."

"हासू दे," प्रमिलाबाई पट्टा ओढत म्हणाली. "बारडोलीना ऊसमा पोरले पाठवर बांधी मी राबत व्हती, तवय कोणी हासनं नही. आते काबर हासतीन?"

खानदेशातून ऊसतोडीला आले तेव्हा हिलालही तिथेच होता, बायकोच्या पाठीवरचं ओझं त्यानेही पाहिलं होतं. त्याने बशी उचलली आणि चहा संपवला.

मशीन तिचं नव्हतं. ते हंसाबेनचं होतं. हंसाबेन नानपुऱ्यात दिराच्या घरी राहायची. दोन वर्षांपूर्वी युगांडातल्या कंपालाहून सगळ्या हिंदी लोकांना निघायला सांगितलं तेव्हा ती नवऱ्याला घेऊन अंगावरच्या कपड्यांनिशी सुरतेला आली. हे मशीन तेवढं तिने आधीच भावाबरोबर बोटीने पाठवून दिलं होतं. सोनं पाठवायचं सोडून हा डबा का पाठवलास, असं तिला सगळ्या नातेवाइकांनी विचारून झालं होतं. कंपालात त्यांचं थेटर होतं. दोन खेळांच्या मधल्या वेळात एक उंचापुरा गडी हे पाठीवर बांधून खुर्च्यांच्या ओळींतून फिरायचा आणि सगळा कचरा, शेंगांची टरफलं, धूळ ओढून घ्यायचा. आता थेटर गेलं, गडी गेला आणि नवरा दिराच्या हिंचक्यावर झोके घेत गप्प बसलेला असायचा. जाऊ उठता-बसता टोमणे मारायची. हंसाबेनने ठरवलं, या मशीनवर लोकांची घरं साफ करून द्यायची. पण तिची कंबर गेलेली, डबा तिला उचलेना.

प्रमिलाबाई त्या घरी भांडी घासायला जायची. मागच्या दाराने आत, मोरीत बसायचं, मागच्या दाराने बाहेर. नानपुऱ्यातल्या कितीतरी घरांच्या मोऱ्या तिला पाठ होत्या. त्या घरांना पुढे दिवाणखाने असतात, हे तिने फक्त ऐकलेलं. हंसाबेनने विचारलं, "प्रमिला, तू उठा सकती है?" तेव्हा तिने डबा पाठीवर घेतला, चार पावलं टाकली आणि म्हणाली, "बेन, एक बात है. ये मशीन जिधर जाएगा, उधर मैं जाएगी. पुढच्या दाराने."

हंसाबेन खळखळून हसली. "अरे, तारी पीठ पर तो छे! तू नहीं जाएगी तो मशीन कैसे जाएगा?"

दोघींनाही ते इतकं सरळ वाटलं, की त्यावर आणखी काही बोलायचं सुचलंच नाही. गड्याच्या मापाचे पट्टे प्रमिलाबाईने आपल्या गल्लीतल्या मोच्याकडून आखूड करून घेतले, आणि ती आज कामाला निघाली होती.

पहिलं घर अठवा लाइन्समधल्या बँकवाल्यांच्या सोसायटीतलं. तिथे बरीच मराठी कुटुंबं होती, आणि त्या सगळ्यांच्या वर शकुंतलाबाई होत्या. त्यांचे यजमान विनायकराव बँकेत मॅनेजर. सोसायटीचं हळदीकुंकू कधी करायचं, गणपतीला कोणता प्रसाद ठेवायचा, कुणाच्या सुनेला किती तोंड आहे, हे सगळं शकुंतलाबाई ठरवायच्या. दिवाळी तोंडावर आलेली. शकुंतलाबाईंनी "छान" म्हटलं तर सोसायटीतलं प्रत्येक घर मिळणार, आणि त्यांनी नाक मुरडलं तर हंसाबेनने मशीन परत बोटीत टाकलं तरी चाललं असतं. जिना चढताना हंसाबेन पुटपुटत होती. देवाचं नाव घेत असावी.

शकुंतलाबाईंनी दार उघडलं, पाठीवरच्या मशीनकडे पाहिलं, मग लुगड्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगंबाई, तू आपल्यातलीच की! कुठली गं?"

"धुळ्याकडची, वहिनी."

"बघा! मला वाटलं, कोण गुजरातीण येते आणि काय बोलते. ये ये, आत ये."

प्रमिलाबाई पुढच्या दाराने आत गेली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या दिवाणखान्यात ती उभी होती, आणि कुणी तिला "मोरी तिकडे" म्हणालं नव्हतं. तिला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

शेजारच्या सरलाबाई आणि नीला तमाशा बघायला आल्याच. हंसाबेनने भिंतीत वायर खोचली, बटण दाबलं, आणि मशीनने असा आवाज काढला की सरलाबाईंनी दाराची कडी धरली. पण मग नळी गालिच्यावरून फिरली आणि गालिच्याचा दबलेला लाल रंग वर आला. सोफ्याच्या फटीतून कधीची हरवलेली टाचणी निघाली. पंख्याची पाती, कपाटांची डोकी, गाद्यांच्या शिवणी, पडद्यांच्या चुण्या. फ्रिज हॉलमध्ये ठेवलेला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. त्याच्या मागून तर अशी जळमटं निघाली की शकुंतलाबाई शेजारणींकडे बघेनात. ना धूळ उडाली, ना कुणी शिंकलं. प्रमिलाबाईची पाठ मोटरने तापली होती, पोलकं घामाने चिकटलं होतं, पण ती स्टुलावर चढत होती, पलंगाखाली वाकत होती आणि मनातल्या मनात गात होती.

"जादूच आहे हो!" सरलाबाई म्हणाल्या.

"आमच्याकडे कधी येता?" नीलाने हंसाबेनला विचारून टाकलं. हंसाबेनचा जीव भांड्यात पडला.

राहिलं होतं स्वयंपाकघर. हंसाबेनने भिंतीवरचं बटण बंद केलं, वायर काढून स्वयंपाकघराजवळच्या प्लगात खोचली. प्रमिलाबाई नळी घेऊन उंबऱ्याकडे वळली.

"थांब हं. इथून पुढे नको येऊस," शकुंतलाबाई म्हणाल्या.

प्रमिलाबाई थांबली. तिला वाटलं, फरशी ओली असेल.

"स्वयंपाकघरात आमच्याकडे बाहेरचं कुणी येत नाही. सासूबाईंच्या वेळेपासूनचं आहे. देव आहेत ना आत. तू इथंच उंबऱ्याशी उभी राहा. नळी चांगली लांब आहे, मी आत धरते. तुझंही काम हलकं होईल."

"मग मशीनपण बाहेरच राहू द्या, वहिनी."

"मशीनला कसला विटाळ?"

"मशीनला नाही, आणि मला आहे?"

हे प्रमिलाबाई अगदी साध्या आवाजात बोलली, पण नीलाने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"अगं, तुला कोण काय म्हणतंय?" शकुंतलाबाई हसून म्हणाल्या. "आपल्यातलीच तू. पण एकेका घराची रीत असते."

आपल्यातलीच! या 'आपल्यात'ला उंबरा असतो, तो नेमका कुठे असतो हे प्रमिलाबाईला आता दिसत होतं. तिच्या पायाच्या अंगठ्यापुढे, पांढऱ्या रांगोळीची रेघ ओढलेला. गुजराती घरात हेच झालं असतं तर तिला इतकं लागलं नसतं. इथं आपली बोली ऐकून ती भुलली होती, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"वहिनी, मघाशी मी तुमच्या गाद्या उलट्या केल्या. साहेबांच्या उशा उचलल्या. तुमच्या लुगड्यांच्या कपाटावर चढले. तवा रीत कुठं होती? नळी जाईल तिथं मी जाईन. मी नाही तर नळीपण नाही."

शकुंतलाबाईंचं हसू मावळलं. त्यांनी हंसाबेनकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात सगळी सोसायटी होती. हंसाबेनने एकदा प्रमिलाबाईकडे पाहिलं, एकदा दारातल्या शेजारणींकडे. हिंचक्यावरचा नवरा तिच्या डोळ्यांपुढे आला असेल, जावेचं तोंड आलं असेल.

"प्रमिला," ती हळूच म्हणाली, "एक वार. बस, एक बार." आणि तिने भिंतीवरचं बटण दाबलं.

मशीन गरजलं. प्रमिलाबाई "नाही" म्हणाली. दोनदा म्हणाली, पण त्या घरघरीत तिचं तिलाच ऐकू आलं नाही. तिला हंसाबेनचा असा संताप आला की मशीनसकट जिना उतरून जावं. तेवढ्यात शकुंतलाबाईंनी तिच्या हातातून नळी घेतली आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. नळी ताणली, तशी प्रमिलाबाई पट्ट्यांनी पुढे खेचली गेली आणि बोटं रांगोळीच्या रेघेला टेकवून उभी राहिली. भिंतीत खुंटी असते, तिला मशीन अडकवलेलं असतं, तशी. खुंटीला कुणी विचारत नाही, बाई तू आत येतेस का.

शकुंतलाबाईंना मात्र चेव चढला होता. त्यांनी डब्यांच्या मागे नळी घातली, फडताळात घातली, कोपऱ्यातलं कोळ्याचं घर गिळून टाकलं आणि मागे वळून मैत्रिणींना डोळ्यांनीच "बघा" म्हणाल्या. मग त्या देव्हाऱ्याकडे वळल्या. देवांच्या मागे वर्षभराच्या अक्षता, सुकलेली तुळस, उदबत्तीची राख साचलेली. नळीच्या तोंडाचा ब्रश देव्हाऱ्यात मावेना. शकुंतलाबाईंनी तो ओढून काढला आणि उघडी नळीच देवांच्या मागे सरकवली.

खट् असं झालं. मग नळीच्या वळ्यावळ्यांतून काहीतरी खुळखुळत बाहेर आलं, उंबरा ओलांडून आलं, आणि प्रमिलाबाईच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, टक्कन लागलं.

हंसाबेनने बटण बंद केलं. शकुंतलाबाई देव्हाऱ्यात डोकावत होत्या. अन्नपूर्णा होती. शंख होता. गणपती आडवा झाला होता पण होता.

"माझा बाळकृष्ण!" त्या किंचाळल्या.

चांदीचा होता, पोकळ, अंगठ्याच्या पेराएवढा, एका हातात लाडू धरून रांगणारा. लग्नात त्यांच्या आईने दिलेला. सोसायटीतल्या प्रत्येक बाईने जन्माष्टमीला त्याचा पाळणा हलवलेला. सरलाबाईंनी तोंडाला पदर लावला. नीलाला हसू आवरेना, ती भिंतीकडे तोंड करून हसली.

"काढ ते! उतरव आधी पाठीवरनं!" शकुंतलाबाई उंबऱ्याशी धावत आल्या. "इथं पेपर टाकते. पिशवी उपडी कर त्याच्यावर."

प्रमिलाबाईने दोन्ही हात छातीवरच्या पट्ट्याला घातले आणि तो उलट आणखी आवळला.

"नाही, वहिनी."

"नाही म्हणजे?"

"देव मी बाहेर काढला नाही. तुम्ही काढला. मी तर आतसुद्धा नव्हते. आता तो आत जाईल तर माझ्या पाठीवरनं जाईल. इथं पेपरावर मी त्याला ओतणार नाही."

"चोरी आहे ही! भरदिवसाची चोरी! पोलीस बोलावीन मी!"

"बोलवा. खुशाल बोलवा. देव कुणी ओढला तेवढं त्यांना सांगा. नळी कुणाच्या हातात होती, तेही सांगा."

आता मात्र सरलाबाईसुद्धा हसल्या. शकुंतलाबाई लाल झाल्या आणि त्यांनी पट्ट्याकडे हात नेला. आणि तो हात मधेच थांबला. पट्ट्याचं बक्कल प्रमिलाबाईच्या छातीवर होतं. घामाने भिजलेल्या पोलक्याला, त्या खांद्याला, त्या गळ्याला हात लावल्याशिवाय ते सुटणार नव्हतं. सकाळी न्हाऊन, धूतवस्त्र नेसून पूजा केलेला तो हात हवेत तसाच राहिला. सासूबाईंची रीत आता सूनबाईंच्याच आड आली होती.

"हंसाबेन, तुम्ही काढा," त्या म्हणाल्या. "मशीन तुमचं आहे. काढा ते हिच्या अंगावरून."

हंसाबेन वायर हातात घेऊन उभी होती. तिने प्रमिलाबाईकडे पाहिलं, आणि या वेळी शेजारणींकडे पाहिलं नाही.

"मशीन मारुं छे," ती म्हणाली, "पण पीठ तो एनी छे. प्रमिलानी छे."

तिने वायर खाली ठेवली आणि हाताची घडी घातली. प्रमिलाबाईचा तिच्यावरचा राग निम्मा तिथेच उतरला. उरलेला निम्मा ती नंतर काढणार होती.

मग शकुंतलाबाई एकाएकी उंबऱ्यावर बसल्या आणि रडायला लागल्या. मॅनेजरीणबाईंचं रडणं नव्हतं ते. नाक वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "आईनं दिलाय गं तो," त्या म्हणत होत्या. "आई गेली माझी. तेवढाच आहे तिचा."

प्रमिलाबाई उभीच होती. पाठीत जिथे तो लागला होता ती जागा तिला अजून कळत होती. बारडोलीच्या फडात तिची पोर अशीच तिथे बांधलेली असायची, दोन खांद्यांच्या मधोमध, झोपेत नाक घासत. एकदा ती पोरीसाठी पाणी मागायला फडाच्या मालकाच्या घरी गेली. तिथल्या बाईने तिला पायरीखाली उभं केलं आणि वरून ओंजळीत पाणी ओतलं. अर्धं पाणी मातीत गेलं. तेव्हा प्रमिलाबाईला तोंड फुटलं नव्हतं. मान खाली घालून ती परत आली होती, आणि ती खाली घातलेली मान तिला आजवर छळत होती.

"रडू नका," ती म्हणाली. आवाज थोडा मऊ झाला होता, पण बोलणं तेच होतं. "त्याला काही झालेलं नाही. पाठीवरचं पोर कसं सांभाळायचं ते मला येतं. वाटेतून उठा, म्हणजे त्याला घरी सोडते."

शकुंतलाबाईंनी वर पाहिलं. मैत्रिणींकडे पाहिलं. त्या दोघींपैकी एकीनेही मान हलवली नाही, ना हो म्हणून, ना नाही म्हणून. मग त्या उठल्या आणि बाजूला झाल्या.

प्रमिलाबाईने रांगोळीची रेघ ओलांडली. आतली फरशी थंड होती, पायांना बरी वाटली. ती देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसली, बक्कल सोडलं, डबा पुढे घेतला आणि आतली कापडी पिशवी आपल्याच पदरावर उघडली. सगळ्या घराची धूळ होती ती, करडी, लोकरीसारखी. तिने बोटांनी चाचपलं. अक्षता निघाल्या, टाचणी निघाली, आणि मग तो निघाला, गुडघ्यांवर रांगत, हातात लाडू, डोक्यावर जळमटाची टोपी घालून. प्रमिलाबाईला हसू आलं. तिने त्याच्यावर फुंकर घातली, पदराच्या स्वच्छ टोकाने त्याला पुसलं आणि मागे न बघता विचारलं, "कुठं बसतो हा?"

उंबऱ्याबाहेरून नाक पुसत शकुंतलाबाई म्हणाल्या, "अन्नपूर्णेच्या शेजारी. उजवीकडे. तोंड दाराकडे."

प्रमिलाबाईने त्याला बसवलं. आडवा झालेला गणपतीही उभा केला. मग पिशवीचं तोंड बांधून ती डब्यात घातली, डबा पाठीवर घेतला आणि पट्टे आवळले.

शकुंतलाबाईंना आता उसंत नव्हती. त्या हॉलमधल्या फ्रिजकडे गेल्या आणि दुधाची वाटी भरून घेऊन आल्या. देवाला न्हाऊ घालायचं होतं, लगेच, आत्ताच. कशासाठी ते कुणी सांगायची गरज नव्हती.

"झालं ना तुझं? ये आता बाहेर. मला अभिषेक करायचाय."

"करा की. धुळीत होता तो, आंघोळ पाहिजेच," प्रमिलाबाई म्हणाली. "पण ओट्याखालचं राहिलंय अजून. आत्ता घातलीत तर परत त्याच्यावर धूळ बसायची. जरा थांबा तिथंच."

शकुंतलाबाईंनी वाटीवर पदर धरला.

"आमच्याकडे उद्या याल?" नीलाने मागून विचारलं. या वेळी तिने हंसाबेनकडे न बघता प्रमिलाबाईला विचारलं होतं. "आमचं देवघर लहान आहे हं अगदी."

"मी मावले म्हणजे झालं," प्रमिलाबाई म्हणाली. मग मान वळवून तिने हाक दिली, "बेन, चालू करो."

हंसाबेनने बटण दाबलं. शकुंतलाबाई दुधाची वाटी दोन्ही हातांत धरून आपल्याच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, आणि प्रमिलाबाईने खाली वाकून ओट्याखाली नळी घातली.